तसबिरींवरचे दिवे

गिरगावात वाढलेल्या माणसाला नाक मुरडायला वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या चाळीत ते सकाळच्या पाण्याबरोबर यायचं. वडील कारकून होते आणि त्यांना जगातल्या प्रत्येक माणसाचा अर्ज चुकीचा भरलेला दिसायचा. शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिका ते हातात पेन्सिल घेऊन वाचायचे. पैसा बेताचा होता, पण दुसऱ्याला कमी लेखण्याच्या बाबतीत आमच्याकडे कधी काही कमी पडलं नाही. वडिलांची ही इस्टेट माझ्या वाट्याला आली आणि मी ती वाढवली.

मी दिव्यांचं डिझाइन करते. म्हणजे कुठे कोणता दिवा, कोणत्या रंगाचा, किती उंचीवर आणि कोणत्या कोनात, हे ठरवते. तीस वर्षं हे काम करूनही नातेवाइकांना वाटतं की मी बल्ब विकते, आणि कुणाकडे ट्यूब उडाली की मला फोन येतो. गिऱ्हाइकांची समज त्याहून फार वेगळी नाही. बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारात जी हॉटेलं निघाली, त्यांतल्या बऱ्याच हॉटेलांचे दिवे माझे आहेत. तिथला मालक पहिल्याच भेटीत म्हणतो, ‘मॅडम, मूड पाहिजे.’ मूड म्हणजे काय, तर मेनूकार्ड वाचता येणार नाही इतका अंधार. लोक मोबाइलची बॅटरी लावून भाव वाचतात आणि त्याला मूड म्हणतात. मी अशा लोकांकडून फी घेतली आणि घरी येऊन त्यांची टिंगल केली. माझं बरं चाललं होतं.

मग परळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलचं काम आलं. जुनी दगडी इमारत, मागे नवी बांधलेली बाजू. तिच्या तिसऱ्या मजल्यावर कॅन्सरच्या रुग्णांना सलाइनमधून औषध देण्याची खोली होती. बारा आरामखुर्च्या होत्या. माणसं सकाळी यायची, तीन-चार तास हाताला सुई लावून बसायची आणि त्याच दिवशी घरी जायची. खोलीला दिवसाचा उजेड नव्हता, म्हणजे सगळा भार दिव्यांवर.

त्या खोलीच्या सिस्टर घोडपदेवला राहायच्या. पंचावन्नच्या पुढच्या, बारीक, चालताना चपलांचा आवाज न करणाऱ्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा लॅपटॉप, माझे रंगीत नकाशे, काहीही बघायला त्या तयार नव्हत्या.

“मॅडम, ते राहू दे. इथे झोपा,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“झोपा तर खरं. सगळे येतात ते उभ्याने बघून जातात.”

मी खुर्चीत मागे रेलले. वरचा दिवा थेट डोळ्यांत आला. सिस्टरनी माझा डावा हात उलटा केला, मनगटाजवळ बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “आता ऐका. मला दोनच गोष्टी दिसायला पाहिजेत. शीर आणि लाली. हे औषध शिरेत गेलं तर औषध, शिरेबाहेर झिरपलं तर आग. आतलं मांस जाळतं. पहिली खूण म्हणजे सुईच्या भोवती कातडी लाल होते. लाल दिसलं की मी थेंब बंद करते. वेळेत दिसलं तर थोडी सूज येऊन जाते. उशिरा दिसलं तर माणसाचा हात कामातून जातो. एवढंच माझं डिझाइन.”

इतकी स्वच्छ मागणी मला तीस वर्षांत कुणी केली नव्हती. मी मनापासून कामाला लागले, हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एकमेव वाक्य आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

दिव्यांत एक गोम असते. दोन दिवे सारखाच उजेड देतात, मापनाच्या यंत्रावर आकडाही तोच येतो, पण एकाच्या उजेडात लाल रंग लाल दिसतो आणि दुसऱ्याच्या उजेडात तो मळकट तपकिरी होऊन कातडीत मिसळून जातो. पहिला दिवा महाग, दुसरा स्वस्त. वरून बघितलं तर दोन्ही सारखे.

हे मला पुस्तकातून कळलं होतं. आमच्या वायरमनला पुस्तकाची गरज नव्हती. ते लालबागचे, साठीतले, मूळचे मालवणकडचे, वर्षभर इमारतींची कामं करायचे आणि भाद्रपदाच्या आधी महिनाभर गणपतीच्या मंडपाची रोषणाई. मी नमुन्याचे दिवे आणले, तेव्हा मीसुद्धा सवयीने मान वर करून दिव्याकडे बघत होते. ते शिडीवरून म्हणाले, “दिव्याकडे काय बघतास, मॅडम? हाताकडे बघा.”

त्यांनी स्वतःचा तळहात दिव्याखाली धरला. मूर्तीवर उजेड टाकायचा असला की ते आधी असाच हात धरून बघतात, असं त्यांनी सांगितलं. कारागिराने महिनाभर खपून अंगाचा रंग काढलेला असतो. चुकीचा दिवा लावला तर मूर्ती निस्तेज दिसते आणि सगळं खापर रंगवणाऱ्यावर फुटतं. स्वस्त दिव्याखाली त्यांचा तळहात उकडून गार झालेल्या बटाट्यासारखा दिसला. महाग दिव्याखाली तो हात दिसला, रेषा, घट्टे, जुना भाजल्याचा डाग आणि बोटांच्या टोकांची लाली. सिस्टरनीही आपला हात शेजारी धरला आणि म्हणाल्या, “हाच.”

दिवा ठरला. आता विश्वस्त मंडळाची संमती पाहिजे.

विश्वस्त मंडळ या विषयावर मला पुष्कळ बोलता येईल, पण माझा रक्तदाब वाढतो. पाच माणसं आली. पाचही जणांनी मान वर केली आणि छताकडे बघितलं. एकानेही खाली बघितलं नाही, खुर्चीकडे नाही, हाताकडे तर नाहीच. त्यांतले मुख्य होते ते स्वतः एका हॉटेलचे भागीदार होते आणि नुकतेच परदेशी जाऊन आले होते. अशी माणसं परत येताना चॉकलेट आणि कल्पना घेऊन येतात. चॉकलेट तरी संपतं.

“फार पांढरा आहे हो उजेड,” ते म्हणाले. “पेशंटला आपण हॉस्पिटलात आलोय असं वाटता कामा नये.”

ही एक नवीन फॅशन आहे. लग्नाच्या हॉलमध्ये लग्नाचा हॉल वाटलेला चालतो, स्मशानात स्मशान वाटलेलं चालतं, हॉस्पिटलाला मात्र हॉस्पिटल असल्याची लाज वाटली पाहिजे. त्यांना पिवळसर, उबदार उजेड पाहिजे होता. शिवाय छताच्या मधोमध उजेडाची एक पेटी आणि तिच्यावर निळ्या आकाशाचं चित्र, कडेने गुलाबी फुलांच्या फांद्या.

“हे कसलं झाड?” सिस्टरनी विचारलं.

“जपानमधलं आहे.”

“मग आंबा तरी लावा ना. आमची माणसं लालबाग-शिवडीची आहेत. सुई टोचून घेऊन जपान कशाला बघतील?”

कुणी हसलं नाही. सिस्टर त्या बैठकीत हातात वही घेऊन उभ्या होत्या, कारण पाच विश्वस्त बसल्यावर सहावी खुर्ची माझी होती. मी बसले होते.

पण तेव्हा मी भांडले. वडिलांकडून आलेल्या तुच्छतेचा एवढा एक उपयोग की मोठ्या माणसांची भीती वाटत नाही. शेवटी तडजोड झाली. भिंतींना पिवळा उजेड, मधोमध जपान, पण बारा खुर्च्यांवर बारा चांगले दिवे. मी घरी जाताना टॅक्सीत स्वतःवर खूश होते.

दिवे बसवण्याच्या आठवड्यात मी लोअर परळला एका मासळीच्या हॉटेलात होते. भाजलेली सुरमई पानात आली की ती ताजी दिसली पाहिजे, असा तिथल्या मालकाचा आग्रह होता आणि तो आग्रह बरोबर होता. माणूस डोळ्यांनी आधी जेवतो. मी मिस्त्रीशी तासभर वाद घालत होते, कारण त्याने लावलेल्या दिव्यात तिखट-हळदीचा थर मातीसारखा दिसत होता. सुरमईचा रंग यायलाच पाहिजे, नाहीतर मी सही करणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं.

तेवढ्यात आमच्या वायरमनचा फोन आला. “मॅडम, हे लोक म्हणतायत, ते बारा चांगले दिवे खाली लावा, दिवाणखान्यात. मोठ्या फोटोंवर. उद्घाटनाला देणगीदार येणार, फोटो उठून दिसले पाहिजेत म्हणे. वर खुर्च्यांवर दुसरे लावायचे. ते पिवळे, स्वस्तवाले. काय करू?”

दिवाणखाना म्हणजे तळमजल्यावरचा प्रवेशाचा हॉल. तिथे संस्थापकांच्या आणि जुन्या देणगीदारांच्या बारा तसबिरी टांगलेल्या होत्या, तेलरंगात रंगवलेल्या. टोपीवाले, पगडीवाले आणि एक नऊवारीतल्या बाई. सगळे कधीच गेलेले.

मी विचारलं, “उजेड तेवढाच आहे ना?”

“तेवढाच आहे. पण हात...”

“लावा मग,” मी म्हणाले. “चालेल.”

“बघा हां, मॅडम,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली, आणि माझा उंट त्या दिवशी लोअर परळला उभा होता. मग मी पुन्हा सुरमईकडे वळले आणि तिचा रंग मिळेपर्यंत तिथून हलले नाही.

आमच्या या शहराला एकच रोग आहे, ‘चालेल’. गळका नळ चालेल, उखडलेली लादी चालेल, उद्या दिलं तरी चालेल. या शब्दाचा मला इतका तिटकारा की माझ्या ऑफिसात तो उच्चारायला बंदी होती. आणि तो मी दहा सेकंदांत उच्चारला, कारण भांडून दमले होते, कारण सुरमईवाला हॉस्पिटलपेक्षा मोठं गिऱ्हाईक होता, कारण आपण एकदा भांडलो म्हणजे आपलं पुण्य जमा झालं असं मला वाटत होतं.

उद्घाटनाला समई लागली, शाली झाल्या. पाहुण्यांनी अंधारातून उजेडाकडे नेण्याबद्दल भाषण केलं. हे भाषण दिव्याच्या प्रत्येक कार्यक्रमात होतं आणि ते करणाऱ्याला समईची वातसुद्धा नीट पेटवता येत नाही. खालच्या हॉलमध्ये तसबिरी खरोखर सुंदर दिसत होत्या. पगडीवाल्यांच्या गालांवरची लाली, बाईंच्या नऊवारीचा डाळिंबी रंग, सगळं जसंच्या तसं. मेलेल्या माणसांची तब्येत इतकी ठणठणीत मी कधी पाहिली नव्हती.

वर सिस्टर माझी वाट बघत होत्या. “मॅडम, दिवे बदलले का हो?”

मी पर्समधून उजेड मोजायचं यंत्र काढलं, खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि त्यांना आकडा दाखवला. “हे बघा. उजेड तेवढाच आहे.”

त्यांनी यंत्राकडे बघितलं. मग आपला हात त्याच्याशेजारी धरला आणि त्याच्याकडे बघितलं. मी यंत्र पर्समध्ये टाकलं. खोटं बोलायचं असेल तर खरा आकडा दाखवावा, यासारखी सोय नाही.

पुढे कळलं की सिस्टर खिशात एक छोटी बॅटरी ठेवायला लागल्या. दर दहा मिनिटांनी बाराही खुर्च्यांची फेरी, प्रत्येक हातावर बॅटरीचा झोत. ऑफिसातून निरोप आला की निदान पाहुण्यांसमोर तरी हे करू नका, वीज गेल्यासारखं वाटतं, फोटोही वाईट येतात. दर महिन्याला कुणी ना कुणी देणगीदार खोली बघायला यायचे. तेवढा वेळ बॅटरी खिशात राहायची.

अशाच एका भेटीच्या दिवशी सातव्या खुर्चीवर लालबागच्या एक बाई होत्या. घरात खानावळ चालवायच्या, रोज तीस-चाळीस डबे. नवऱ्यामागे दोन मुली त्यांनी पोळ्या लाटून शिकवल्या होत्या. औषध चढत होतं तेव्हा त्यांच्या हाताची आग व्हायला लागली. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. कॅन्सरचं औषध म्हणजे झोंबणारच, असं त्यांना वाटलं. त्यात खोलीत मोठी माणसं आलेली, फोटो चाललेले, मधेच कुरकुर कशी करायची. आमच्याकडे सोसणं हा सद्गुण मानला जातो, आणि तो नेमका गरिबांच्या घरातच पुरेपूर भरलेला असतो. सिस्टरनी त्यांच्यापाशी तीनदा फेरी मारली. ‘काही होतंय का?’ असं विचारलं. बाई ‘नाही’ म्हणाल्या. पिवळ्या उजेडात हात पिवळा दिसला.

पाहुणे गेल्यावर बाई सलाइनची दांडी ढकलत संडासात गेल्या. तिथे झडपांची खिडकी होती आणि दुपारचं ऊन येत होतं. त्या उजेडात त्यांनी स्वतःचा हात बघितला आणि तिथूनच ओरडल्या. त्या सगळ्या मजल्यावर, जपानच्या आकाशासकट, धड दिसण्यासारखी एकच जागा होती आणि ती संडास होती.

सिस्टर धावल्या, थेंब बंद केला, जे करायचं ते सगळं केलं. पण वेळ निघून गेली होती. उजव्या हाताच्या पाठीवरचं मांस गेलं. पुढे मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागली, आणि तरी बोटं पूर्ण मिटेनात.

चौकशी बसली. हॉस्पिटलात काही बिघडलं की चौकशीचा उतार नेहमी खालच्या माणसाकडे असतो. पुन्हा तेच पाच विश्वस्त, मी सहाव्या खुर्चीवर आणि सिस्टर उभ्या. प्रश्न एकच होता, सिस्टरचं लक्ष नव्हतं का? त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती. पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकही शेरा नव्हता. तो लागणार की नाही, एवढंच त्या दिवशी ठरायचं होतं, आणि ते माझ्या उत्तरावर ठरायचं होतं.

हॉटेलवाले विश्वस्त माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही एक्स्पर्ट आहात. खोलीत उजेड कमी होता का?”

मी म्हणाले, “नाही. उजेड पुरेसा होता.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. वडिलांनी दुरुस्त केलेल्या अर्जासारखं निर्दोष वाक्य.

सिस्टर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, पुरेसा होता. पण त्यात लाल दिसत होतं का?”

मी कागद चाळायला लागले. विश्वस्त म्हणाले, “टेक्निकल गोष्टी आता नकोत.” आणि मला हायसं वाटलं. ज्या माणसाची मी दोन वर्षं सगळीकडे चेष्टा केली, त्या माणसाने माझी सुटका केली आणि मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. सिस्टरना मेमो मिळाला. चूक लेखी कबूल केली तर प्रकरण तिथेच मिटेल, नाहीतर पुढे नेऊ, असं तोंडी सांगण्यात आलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी बिलावर सही घ्यायला मी हॉस्पिटलात गेले. खालच्या हॉलमध्ये, तसबिरींखालच्या बाकावर, खानावळवाल्या बाई ड्रेसिंगसाठी नंबर लावून बसल्या होत्या. पट्टी बदलायची म्हणून वरची पट्टी सोडून त्यांनी हात मांडीवर ठेवला होता. मी त्यांना ओळखलं नसतं, हात ओळखला; चौकशीत त्याचे फोटो दाखवले होते. डोक्यावर नऊवारीतल्या बाईंची तसबीर, तिच्यावर माझा दिवा, आणि त्याचा उजेड सांडत होता थेट त्या हातावर. लाल कुठे संपतं, जांभळं कुठे सुरू होतं, नवी कातडी कुठे शिवली आहे, टाक्या-टाक्यापर्यंत दिसत होतं. मी निवडलेला दिवा किती उत्तम होता, ते मला तेव्हा दिसलं.

मी ऑफिसातली कुणी आहे असं त्यांना वाटलं असावं. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही इथल्याच ना? मग वर सांगा ना जरा. त्या सिस्टरवर उगाच बालंट आणलंय ओ. तीन वेळा आली ती माझ्यापाशी. तिला दिसलंच नाही तर ती काय करणार? मला पण कुठे दिसलं?”

“तुमचं डब्यांचं काम?” मी विचारलं.

“मुलगी लाटते आता. नोकरीला जाते सकाळी, त्याच्याआधी. मला मूठ वळत नाही ना,” असं म्हणून त्यांनी मूठ मिटून दाखवायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर थांबली.

मी बिलावर सही न घेता घरी आले आणि पत्र लिहायला बसले. खुर्च्यांवरचे दिवे कसे बदलले, त्यांत लाल का दिसत नाही आणि हे मला माहीत असूनही मी फोनवर संमती दिली, हे सगळं लिहायचं होतं. तीन वाक्यांचं काम. मला चार दिवस लागले. ‘संमती दिली’ऐवजी ‘हरकत घेतली नाही’ केलं. मग ‘हरकत नोंदवण्यास पुरेसा अवधी नव्हता’ केलं. मग स्वतःचीच शिसारी येऊन पुन्हा पहिलं वाक्य लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते परत खोडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर पेन्सिल फिरवली, स्वतःच्या अब्रूची वेळ आली तेव्हा ती पेन्सिल थांबेना. चौथ्या दिवशी साधं खरं तेवढं लिहिलं, हॉस्पिटलच्या ऑफिसात नेऊन पोच घेतली आणि तिची प्रत घेऊन घोडपदेवला गेले.

सिस्टर घरीच होत्या. चाळीतली एक खोली, दारात तुळस, गॅलरीत वाळत घातलेला पांढरा गणवेश. त्यांनी मला खुर्ची दिली आणि यावेळी त्याही समोर बसल्या. पत्र घेऊन त्या दाराशी उजेडात गेल्या, सावकाश वाचलं, घडी घातली.

“काल सही केली मी,” त्या म्हणाल्या. “कबुलीवर. मुलगा म्हणाला, आई, दोन वर्षांसाठी कशाला भांडतेस? मी पंधरा-वीस दिवस थांबले होते. कुणी काही बोलेल असं वाटत होतं.”

“पण आता हे पत्र आहे ना. आपण ते दाखवून...”

“मॅडम, मी लिहून दिलंय की चूक माझी. आता तुम्ही लिहून दिलंय की चूक तुमची. ते काय करतील? दोन्ही कागद फाइलला लावतील.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “त्या दिवशी का नाही बोललात?”

मी गॅलरीतल्या गणवेशाकडे बघत राहिले. “चहा घेणार ना?” असं विचारून त्या आत गेल्या. वरातीमागून आलेल्या घोड्याला त्या घरात चहा मिळाला. तो मी प्यायले, कारण नाही म्हणायचीही माझी लायकी नव्हती.

पत्राचा परिणाम झाला, तो असा. आपलं नाव कागदावर आलं की ही मंडळी फार चपळ होतात. आठ दिवसांत चांगले दिवे तसबिरींवरून काढून वर खुर्च्यांवर लावले गेले. आमच्याच वायरमननी ते लावले, प्रत्येक दिव्याखाली हात धरून बघितला आणि मला ‘झाला’ एवढंच फोनवर सांगितलं. पिवळे दिवे खाली गेले. सिस्टरना त्या खोलीतून काढून कपड्यांच्या भांडारात नेमलं. आता त्या चादरी मोजतात.

महिन्याभराने हॉटेलवाल्या विश्वस्तांचा फोन आला. आवाज चिंतेचा होता. दिव्यांबद्दल तक्रार आली आहे, म्हणाले, लेखी तक्रार. मला वाटलं, पुन्हा कुणाचा हात. पण तक्रार एका देणगीदाराच्या नातवाची होती.

“खालच्या तसबिरी हो, मॅडम. आजोबा आजारी दिसतात म्हणे. कावीळ झाल्यासारखे. काहीतरी करा ना.”

“आजारीच दिसू देत,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी मला काम दिलं नाही. ही गोष्ट मी मित्रमंडळींत बरेच दिवस रंगवून सांगितली. लोक पोट धरून हसायचे, मलाही बरं वाटायचं.

परवा राहिलेल्या बिलाच्या सहीसाठी हॉस्पिटलात गेले, तेव्हा भांडाराच्या दारात सिस्टर दिसल्या. हातात चादरींचा गठ्ठा होता. मी आजोबांचा किस्सा त्यांनाही सांगितला. त्या हसल्या नाहीत. “वर आता लाल दिसतं ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि गठ्ठा घेऊन आत गेल्या.

त्यांच्या फाइलमध्ये पस्तीस वर्षांत एकच शेरा आहे. ‘रुग्णाच्या हाताकडे पाहण्यात माझ्याकडून हयगय झाली.’ खाली सही त्यांची आहे. हयगय माझी आहे.